आवाज खाणारा डबा

—नाही हो अप्पा, जळलेला नाही, नाकाला लावून बघा हवं तर. आणि डबा बघून हसू नका तेवढं. पोह्यांचा आहे, कबूल — पण भोकं ड्रिलनं पाडलीत, खिळ्यानं नाही, आणि आत तुमच्याच दुकानातले ते सोनेरी रेझिस्टर आहेत, ॲल्युमिनियमच्या जाड पट्टीवर पेस्ट लावून घट्ट बसवलेले. तुम्ही तेव्हा विचारलं होतंत, कुठल्या मेकॅनिकनं पाठवलं म्हणून, आणि मी म्हटलं होतं, मीच मेकॅनिक. डिप्लोमा आहे माझा इलेक्ट्रॉनिक्सचा. लग्नानंतर त्याचा उपयोग सासूबाईंच्या मिक्सरपलीकडं गेला नव्हता, ते सोडा. फक्त हा बाजूचा स्विच बघा. खाली केला की गिटारच्या ॲम्पचा आवाज डब्यातून जातो, वर केला की डबा बाजूला आणि आवाज थेट स्पीकरला. माझं म्हणणं असं, की वर केल्यावरसुद्धा थोडा आवाज डब्यातच अडकत असेल — अडकू शकतो ना? आतून सोल्डर सुटलं असेल, स्विचच हलका निघाला असेल. नीट बघा. घाई नाही. मी बसते इथं. हिला मांडीवरच घेते, नाहीतर तुमचं सगळं काउंटर तोंडात घालेल.

राजनंदिनी. घरी नंदूच म्हणतो. असू द्या अप्पा, नका हाका मारू, ती त्या लाल दिव्याकडं बघतेय — एकदा कशात लक्ष लागलं की लागलं. बारशालासुद्धा तसंच. आत्यानं कानाशी एवढ्या जोरात कुर्र केलं की पाळण्याभोवतीच्या बायका मागं सरल्या, आणि ही आपली आत्याच्या मंगळसूत्राकडं बघत बसली. सासूबाई अजून सांगतात सगळ्यांना, लई शांत हाय की आमची पोरगी, रडं म्हणून न्हाय. कौतुकानं हो. कौतुकानंच सांगतात.

आमचे मिस्टर, मल्हार, दिवसा टॉवेलच्या कारखान्यात डिझाइन काढतात आणि घरी आले की गिटार. ॲम्प जुना वॉल्व्हचा, दोन माणसांनी उचलायचा. मी म्हणायचे, आवाज कमी ठेवा, तर म्हणे हा ॲम्प पूर्ण उघडल्याशिवाय बोलतच नाही, ऊस चरकात घातल्याशिवाय रस निघतो का? बरं, स्पीकर काढून ठेवावा तर तेही नाही, भार नसला की आतला ट्रान्सफॉर्मरच जळतो — तुम्हाला काय सांगायचं. घरात तसेही सगळे ओरडूनच बोलतो, सासऱ्यांची हयात मागावर गेली, त्यांना खटखटीनं कमी ऐकू येतं, त्यामुळं कुणी हळू बोललंय आणि कुणी ऐकलंय असं आमच्याकडं होतच नाही, म्हणून तर कुणाच्या लक्षात — काय सांगत होते मी? हां. ॲम्प. मला हिच्या कानांची काळजी. एवढंसं बाळ आणि एवढा आवाज. रोज मोबाइलवर वाचायचे, किती आवाजानं किती इजा, आणि वाचून झालं की स्वतःलाच म्हणायचे, बाई, तुला कशाचीही भीती वाटते, काल तुला साबुदाण्याची वाटत होती. शेवटी म्हटलं, वाचत बसण्यापेक्षा करू काहीतरी. केला डबा. पहिल्यांदा चालू करायच्या आधी सगळ्या तारा तीनदा तपासल्या — एक तार चुकली असती तर ॲम्प गेला असता आणि मल्हारही गेले असते माहेरी. पण चालला. सगळं वाजवणं तसंच, फक्त बंद दाराआडून आल्यासारखं. आवाज जातो कुठं म्हणाल, तर जात नाही, डब्यात तापत बसतो. शेंगा भाजून निघतील एवढा तापतो. म्हणून वर उंच फळीवर ठेवलाय, हिचा हात पोचू नये.

आधी ती स्वतःच जायची हो ॲम्पकडं. मल्हारनं तार छेडली की रांगत रांगत स्पीकरपाशी, दोन्ही तळवे जाळीला, कधी पोट टेकवायची, आणि खदखदून हसायची. असं हसणं दुसऱ्या कशाला नाही, खुळखुळ्याला नाही, आजीच्या गाण्याला नाही. सगळे म्हणायचे, बापाची पोर, जन्मताच गाणारी. डबा लावला त्या दिवशीही गेली. हात ठेवला. वाट बघितली. मल्हार वाजवत होते, मला ऐकू येत होतं, चांगलं ऐकू येत होतं. तिनं हात उचलला, तळव्याकडं बघितलं, परत ठेवला. मग वळली आणि माझ्याकडं आली. त्यानंतर ती त्या कोपऱ्यात गेलेली नाही.

लहान मुलांचं काय, आज एक आवडतं, उद्या दुसरं. मीही तेच म्हटलं.

मग परवा सासूबाईंनी फळी पुसताना हा स्विच वर ढकलला. त्यांना काय माहीत. मल्हारनं नेहमीसारखा हात मारला आणि पूर्ण आवाज — अप्पा, कपाटाची काच थरथरली, सासऱ्यांनी, ज्यांना दाराची बेल ऐकू येत नाही त्यांनी, पेपर खाली ठेवला. माझ्या हातून कढईच सुटली असती. आणि ही झोळीत झोपलेली. तुळईला टांगलेली झोळी, जमिनीला कुठं टेकलेली नाही. मी धावत गेले, आता किंचाळेल, आता किंचाळेल — पापणी नाही हलली. मल्हार हसले, म्हणाले, वाघीण आहे. मी पण हसले. काय करणार. रात्रभर तिच्या नाकाशी बोट धरून बसले, श्वास चालू आहे ना बघत, जसं काही तेच विचारायचं होतं.

म्हणून म्हणतेय, स्विच बघा. आवाज पूर्ण गेलाच नसेल. अर्धाच गेला असेल, आणि मला भीतीनं मोठा वाटला असेल. मला वाटतं तसं.

मीटर लावताय? लावा. लावा की. नको, राहू द्या. काल मीच लावला होता. स्विच चांगला आहे. त्याचे पाय चांगले आहेत, सोल्डर चांगलं आहे, एकही ओहम इकडचा तिकडं नाही — आयुष्यात पहिल्यांदा माझं काम इतकं बिनचूक निघालंय. मला वाटलं, तुमचा मीटर काही वेगळं सांगेल. जुना आहे ना तुमचा.

घरी लसीला जाते म्हणून सांगितलंय. लसीच्या डॉक्टरांनीच मागं म्हटलं होतं, एकदा कानांची तपासणी करून घ्या, झोपवून करतात, दुखत नाही. तिकडंच निघाले होते. दवाखान्याचं गेट आलं, रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, हितंच ना ताई, आणि माझ्या तोंडून आलं, नाही, नवी पेठ. डबा पिशवीत होता. म्हणजे घरातून निघतानाच मी — आई गं!

काय पडलं? स्क्रूंचा ट्रे? केवढ्यानं वाजला, जागची उडालेच मी. पण बघा, बघा अप्पा, बघितलं तिनं, एकदम मान वळवली, तुम्हीपण पाहिलंत ना? दचकली ती. दचकली.

माझ्याकडं बघतेय.

ट्रे तिकडं पडला. ती माझ्याकडं बघतेय. मी हलले म्हणून.

तुम्ही मुद्दाम पाडलात. केव्हापासून कळलंय तुम्हाला? पहिली हाक मारली तेव्हापासून?

नका, ट्रे उचलू नका. दुसऱ्यांदा नको. डबा राहू द्या तुमच्याकडंच. आम्हाला आता तो नको — तिला स्पीकरवर हात ठेवू दे हवा तेवढा. बाहेर बघा जरा, ती रिक्षा अजून उभी असेल. त्याला म्हणावं, मघाच्या गेटपाशीच जायचंय.