मुद्दाम धूसर

"एवढा महागडा कॅमेरा, आणि पोरीला एक फोटो धड काढता येत नाही" — हे काही मला ऐकवायला नव्हतं, वैजयंतीकाकू, सासूबाई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या. पण या नोएडातल्या नव्या बिल्डिंगा तुम्हाला माहीतच आहेत — लॉबीत संगमरवर, आणि भिंती पापडाच्या. पलीकडून तुम्हीच बोलत होतात ना? अहो, लाजताय काय, तिळगूळ घ्या. सासूबाई फुलं घेऊन येतीलच, राघवही गेलाय बरोबर. हळदीकुंकवाला लवकर आलात ते बरं झालं, कधी नव्हे ते मला बोलायला माणूस मिळालं.

तर फोटो. धूसर आहेत, खरंय. मीच करते धूसर! ययाती नावाच्या तारकासमूहात एक तारा आहे, अलगोल — दर तीनएक दिवसांनी काही तास मंदावतो, परत उजळतो. का? दोन तारे आहेत तिथे, एकमेकांभोवती फिरणारे, आणि त्यातला मिणमिणता जो आहे तो मधूनमधून तेजस्वी ताऱ्यासमोर येऊन उभा राहतो. हसलात? मी नुसतं खगोलशास्त्र सांगतेय हं. आता तारा टोकदार टिपला की प्रकाश एकाच ठिपक्यात कोंबला जातो, तेज मोजता येत नाही. म्हणून फोकस जरा हलवायचा, ताऱ्याची टिकली करायची, आणि शेजारच्या, तेज ठाऊक असलेल्या ताऱ्यांशी ती ताडून बघायची. जगभर माझ्यासारखे हौशी लोक साध्या कॅमेऱ्यांनी हेच करतात, आकडे एकत्र पाठवतात. मॉलचे दिवे, मेट्रोच्या खांबांची धूळ, या सगळ्यातून मी एकदा तो मंदावताना पुरता पकडला होता, काकू. कार्डावर होता. अजून कॉम्प्युटरवर घ्यायचा होता.

आणि आमचे नवरोबा राघव, ऑफिसातले टीम लीड! "यार, सगळे ब्लर होते, मी कार्ड साफ करून दिलं. विश्वजित हनिमूनला नेतोय ना कॅमेरा, त्याला जागा लागेल." वर मला ऑटोफोकस शिकवला — प्रेमाने, बिल्कुल प्रेमाने. माझ्या पुण्याच्या नोकरीच्या पगारातून घेतलेला कॅमेरा, आणि विश्वजितभावजींना हो म्हणाला हा. विचारलं? मला कशाला विचारायचं — ऑर्कुटवर लावण्याजोगा एक फोटो ज्या बाईकडे नाही तिला! मी काय म्हणाले? मी चहा केला. नवी सून आहे, शांत आहे, सगळ्यांना फार आवडते म्हणे.

पण आज धुकं नाहीये, काकू. जानेवारीत, इथे! आणि आज अंधार पडताच अलगोल मंदावायला लागणार आहे. नि भावजी कॅमेरा न्यायला आत्ताच —

हं, लिफ्ट थांबली. आल्या आई. राघवही. भावजीपण बरोबरच. नाही नाही, तुम्ही उठू नका, बसा. साक्षीला कुणीतरी हवंच.

"या भावजी. कॅमेरा मिळणार नाही, तो मला लागतो. आणि राघव, मी काढलेलं काही पुसायचं असेल, तर आधी मला विचारायचं."