नोटबुर्गाच्या नावाचा किडा

घाट उतरणाऱ्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर साठीतले एक गृहस्थ आणि एक बाई बसले होते. बाईंच्या मांडीवर ओल्या शेवाळाने भरलेला डबा होता.

"व्हिगिल, आधी पाव संपव. मग सांगते."

"म्हणजे बातमी वाईट आहे."

"तुझ्यासाठी. खिंडीच्या उत्तरेचा तुझा वाणी किडा आणि दक्षिणेचा माझा, या दोन जाती नाहीतच. एकच आहे."

"कशावरून?"

"खिंडीतच नर सापडला. जात ज्यांवरून ओळखतात ते त्याच्या अंगाच्या सातव्या वलयावरचे पाय भिंगाखाली पाहिले. दोन्हीकडच्या नरांशी तंतोतंत जुळतात."

"नोटबुर्गा, मग दोनपैकी एकच नाव राहणार."

"आधी छापलेलं राहणार. म्हणजे मी ठेवलेलं."

"आणि मी ठेवलेलं बाद! अगं, मी त्याला लॅटिनमध्ये तुझं नाव दिलं होतं."

"माहीत आहे."

"सगळ्या आल्प्समध्ये तुझ्या नावाचा एकच जीव, आणि तूच त्याला पुसून टाकणार?"

"मग काय खोटं लिहू? आणि हात लावला की वेटोळं घालून बसणारा किडा! बायकांना लोक फुलं देतात."

"फुलं सुकतात."

"हे तेव्हा का नाही बोललास?"

"तेव्हा तू दोन जातींवरून माझ्याशी भांडत होतीस."

"ते भांडण तर आता मिटलं."

"मग रविवारी पूर्वेच्या दरीत येतेस? तिथले दगड अजून कोणी उलटलेले नाहीत."

"कामासाठी?"

"नाही. माझ्याबरोबर."

"अरे, मग असं सरळ विचारायचं! इतकी वर्षं लॅटिनमध्ये काय बोलत बसला होतास?"