दुधाची वाट वेगळी, श्वासाची वेगळी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर विराजमान आपल्या दगड कारखान्याचे मालक, व्यवस्थापक साहेब, समोर बसलेले माझे सहकारी, आणि दुसऱ्या रांगेतून मला ‘खाली बसून बोला’ अशी खूण करणाऱ्या आमच्या सौभाग्यवती,

मी उभा राहूनच बोलणार आहे. चौतीस वर्षे उभ्याने काम केले. निरोपही उभ्यानेच घेईन.

माझ्याविषयी आताच पुष्कळ चांगले बोलले गेले, त्याबद्दल मी आभारी आहे. मालकांनी घोषणा केली की, माझ्या सेवेच्या स्मरणार्थ घासणी विभागातील प्रत्येकाला यापुढे रोज एकाऐवजी दोन पेले दूध मिळेल. आपण टाळ्या वाजवल्यात. मी वाजवल्या नाहीत, हे काहींच्या लक्षात आले असेल. त्याचे कारण सांगणे माझे कर्तव्य आहे.

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. तेव्हा जे सांगतो ते तपासून घ्यावे, अशी विनंती आहे. मीही तपासूनच घेतले आहे.

घासणीत दगडाच्या कडा कोरड्या घासल्या जातात. पाळी संपली की दूध मिळते. ते वाटण्याचा मान वीस वर्षे माझ्याकडे होता. नव्या माणसाला पेला देताना मी म्हणत असे, “पी बाबा, धूळ धुऊन निघेल.” माझ्या शेजारच्या यंत्रावर पैलवान होता. त्याला मी दोन पेले देत असे, कारण त्याची छाती मोठी. छाती मोठी तर धूळ जास्त, असा माझा हिशेब! हसा, हसण्यासारखेच आहे.

गेल्या वर्षी मला धाप लागू लागली. रुग्णालयात छातीचा फोटो काढला. फोटो काढणाऱ्या बाईंना मी विचारले, “बाई, दूध इथे नेमके कुठून येते, तेवढे दाखवा.”

त्या हसल्या. “काका, दूध इथे येतच नाही. गिळताना श्वासनळीवर झाकण पडतं. दूध मागच्या नळीने पोटात जातं. हवा पुढच्या नळीने छातीत. दोघांची गाठच पडत नाही.” मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्या हसायच्या थांबल्या.

मी खुर्ची ओढून बसलो. म्हटले, आता सगळेच सांगा.

मंडळी, फुप्फुसाला स्वतःचे बळ नसते, हे आपणास ठाऊक आहे काय? मला नव्हते. फासळ्यांच्या खाली एक स्नायूंचा पडदा आहे. तो खाली उतरतो, फासळ्या वर उचलल्या जातात, आत जागा होते आणि हवा शिरते. नाकातले केस जाड धूळ अडवतात. श्वासनळीला फाटे फुटतात, त्या फाट्यांना आणखी फाटे. त्यांच्या आतल्या बाजूस डोळ्यांना न दिसणारी लव असते. ती अहोरात्र चिकट कफासह धूळ घशाकडे ढकलत असते. असा इमानी कामगार आपल्या कारखान्यातही नाही. अगदी टोकाला कोट्यवधी हवेच्या पिशव्या आहेत. त्यांची भिंत इतकी पातळ की हवेतला प्राणवायू तिच्यातून रक्तात उतरतो आणि रक्तातली निकामी हवा बाहेर पडते. तिथे लव नाही, झाडू नाही. आपल्या दगडाची बारीक भुकटी थेट तिथे पोचते. मग त्या नाजूक भिंतीवर वण धरतात, ती जाड होते. वण पडलेली पिशवी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. दूध पिऊन नाही, औषध पिऊनही नाही.

व्यवस्थापक साहेबांनी चिठ्ठी पाठवली आहे: ‘दोन मिनिटांत आटोपा.’ साहेब, पूर्वी मला दोन मिनिटांत तीस श्वास पुरत. आता पंचावन्न लागतात. घाई करता येणार नाही, क्षमस्व.

हे सांगायला मी पैलवानाच्या घरी गेलो. आज तो इथे नाही, कारण बाहेरच्या चार पायऱ्या त्याला चढवत नाहीत. नाकाला नळी लावून बसला होता. सगळे ऐकून म्हणाला, “म्हणजे मी उगाच वजन वाढवलं की रे!” आणि हसता हसता त्याला असा खोकला आला की त्याच्या बायकोने मला बाहेर बसवले. बाहेरच्या बाकावर मी काय केले, ते या सभेत सांगण्याची गरज नाही.

आता मुद्दा. दरवर्षी आरोग्य नोंदवहीत ‘विभागात धुळीची तक्रार नाही’ या ओळीखाली सर्वांत जुन्या कामगाराची सही घेतली जाते. तपासनीस ती सही पाहतात आणि परत जातात. अकरा वर्षे ती सही माझी आहे. अक्षर वळणदार आहे म्हणून मला तिचा गर्वही होता. आज सकाळी फुलांच्या गुच्छाबरोबर लिपिकाने तीच वही पुढे केली. “काका, जाता जाता एवढी सही करा.”

मी केली. परंतु वरची ओळ खोडून, तिच्या जागी स्वतःच्या हाताने लिहिले: ‘धुळीची तक्रार आहे. दगडावर पाणी सोडून काम सुरू होईपर्यंत आणि धूळ ओढून घेणारा पंखा बसेपर्यंत कोणीही कडा घासू नये.’ शुद्धलेखन दोनदा तपासले आहे. पानांवर क्रमांक छापलेले आहेत. पान फाटले तर तपासनिसांना दिसेल. ते मंगळवारी येणार आहेत. मीही येणार आहे. आता मी नोकर नाही, त्यामुळे मला कोणी कामावरून काढू शकत नाही.

मालकांनी हा समारंभ केला, व्यवस्थापक साहेबांनी एवढा वेळ ऐकून घेतले, आपण सर्व आलात, याबद्दल मनःपूर्वक आभार. बोलताना मी अधूनमधून थांबलो, त्याची माफी मागत नाही. ते थांबणे माझे नव्हे, कारखान्याचे आहे. जे बोललो, त्याचीही मागत नाही. वीस वर्षे माझ्या हातून ज्यांनी विश्वासाने पेला घेतला, त्यांनी मात्र मला क्षमा करावी.