दुसरं टोक

—नाही नाही, तसं नाही धरायचं. अहो, ही काय हातोडी आहे? दोन्ही हात लावा. एक मागे खटक्यावर, दुसरा या पुढच्या मुठीवर — हां, आता कसं! जड आहे, आहेच, पण ते वजनच कामाचं. जाहिरातीत मी सगळं लिहीत बसलो नाही, ‘लोखंड कापायची पट्टीची करवत, हातात धरायची, चालू स्थितीत’ एवढंच लिहिलं. तेच वाचून आलात ना? मग झालं तर. बसा म्हटलं असतं, पण शेडमध्ये स्टूल एकच, आणि त्यावर कानशी पसरल्यात. आणि चालवून बघितल्याशिवाय मशीन घ्यायचं नाही हं, कुणाकडूनच नाही — माझ्याकडूनसुद्धा नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला?

ही बघा आतली पट्टी — अखंड आहे, दोन चाकांवर फिरत राहते. ग्राइंडरसारख्या ठिणग्या नाहीत, बोंबाबोंब नाही. मी ग्राइंडर लावला की शेजारच्या बाई धाडकन खिडकी लावून घ्यायच्या. हे मशीन आलं आणि त्या मला ओळख दाखवायला लागल्या. पातळ पाइपला बारीक दात्यांची पट्टी घालायची, निदान तीन दाते एका वेळी लोखंडावर टेकले पाहिजेत, नाहीतर दाते तुटतात. हा टेकू आधी पाइपला घट्ट लावायचा, मग खटका — उलटं केलंत तर असा हिसका बसतो, की मशीन तुम्हालाच ओढून नेईल. आणि मग? मग काही नाही. गप्प उभं राहायचं. मशीन आपल्या वजनाने खाली उतरतं, आपण दाबायचं नाही. तुम्ही दाबत होतात, बघितलं मी. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! हसा, हसा — माझ्या पहिल्या तीन पट्ट्या अशाच गेल्या.

आता त्या पाइपचं दुसरं टोक धरा बघू. लांब पाइप वाइसमध्ये आवळला तरी दुसऱ्या टोकाला माणूस लागतोच — स्टँड आहे माझ्याकडे, पण स्टँडला काय कळतंय? सोडलंत तर टोक पायावर पडणार, वर उचललंत तर काप मिटणार आणि पट्टी आत अडकणार. उचलायचं नाही, सोडायचं नाही, नुसतं तोलून धरायचं. ऐकायला सोपं वाटतं. ही धरायची — ही म्हणजे माझी बायको. शाळेतलं ग्रंथालय सांभाळायची, लोखंडाशी संबंध म्हणजे घरातल्या तव्यापुरता. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात पाइप, चष्मा नाकावर. पुस्तकातून मान वर न करता म्हणायची, ‘आलं.’ की पुढच्या क्षणाला तुकडा सुटलाच! पाइपची थरथर बदलते म्हणे शेवटी. मला इतक्या वर्षांत कळली नाही, आणि तिला वाचता वाचता कळायची.

दीड वर्ष झालं. नाही हो, आजारी अशी नव्हती. चार दिवस. असो, तुम्ही मशीन बघायला आलात.

खरं काम दाखवायचं तर आत चला. या, चपला राहू द्या पायात, आता कोण ओरडणार आहे. हा पलंग बघा. साडेसहा बाय सहा, सगळा चौकोनी पाइपचा, एक सांधा हलणार नाही. पण तुम्ही ज्या दारातून आलात ते दार बघा — अडीच फूट. कळलं का? लोकांची गेटं, जाळ्या, जिने सूतभर न चुकता बसवले मी, आणि स्वतःचा पलंग खोलीच्या आत बसून जोडला. बाहेर कसा काढायचा, हा विचारच नाही केला. तीन दिवस खपून शेवटचा वेल्ड मारला, तेव्हा ही दारात उभी राहून इतकी हसली, इतकी हसली! म्हणाली, ‘राहू दे, आपण दोघं जाऊ बाहेर, हा बसेल इथेच.’

मधले अडीच-तीन फूट काढून टाकायचे, दोन्ही अंगं जवळ आणायची आणि पुन्हा जोडायची — झाला एकट्याचा पलंग. पाच आडवे पाइप, दहा काप, तासाभराचं काम. हे मशीन पलंगापाशी आणता येतं, हीच तर मजा. सध्या मी रात्री शेडमध्ये घडीची खाट टाकून झोपतो. का म्हणजे? हा रुंद आहे म्हणून. मुलगा म्हणतो, बाबा, विका सगळं आणि इकडे या. बोलावतात हो, नाही असं नाही. पण एकट्याने होत नाही हे. मधे कापायला लागलं की पाइप खचतो, पट्टी चिमटते, समोरून कुणीतरी तोलून धरायला हवं. तर… म्हणजे जाहिरात मशीनचीच आहे. खोटं नाही ते. तुमच्या आधी चौघे येऊन गेले. ही खाच दिसते? ती पहिल्याच्या वेळची, दोन सूत. ही दुसऱ्याच्या वेळची, एक सूत. तिसऱ्याच्या वेळी नुसती खूण केली. आणि चौथ्याबरोबर चहा प्यालो. जाताना विचारतो कसा, ‘काका, तुम्हाला विकायचंय की कापायचंय?’ आगाऊ! कापायचंच आहे. आज कापायचंच.

या समोर. पाइपखाली हात घाला. टेकू लागला… खटका — अगं, वर नको उचलूस! वर नको म्हटलं ना — तुम्हाला. तुम्हाला म्हणतोय मी. सवयीने येतं तोंडात, चालू द्या. धरा. जाणवते का थरथर? हाताला, हाताला बघा. बदलली की सांगाल ना? नाही… नका सांगू. तुम्ही काही बोलू नका. नुसतं…

थांबा. बंद करतो. पट्टी तापली असेल.

नाही, मला काही झालेलं नाही. घाम आहे तो. उभे राहून दमलात, कळतंय मला, मी पाणी आण— अहो, तिथे नका बसू. इकडे बसा, या अंगाला. तिथे नाही. उठा. उठा म्हणतो ना!

माफ करा. तुमची काय चूक, पलंग म्हटल्यावर माणूस बसणारच.

नाही. मशीन नाही द्यायचं. किती का देईनात, नाही द्यायचं मला. लांबून आलात, वाईट वाटतं. तुम्ही जा आता. दार नुसतं लोटा, कडी लावू नका. आणि हे बघा — कुणी विचारलं ना, तर मशीन गेलं म्हणून सांगू नका. आहे म्हणावं अजून. विकायला आहे. संध्याकाळी घरीच असतो मी, बघायला या म्हणावं.