‘लिहिलं’ म्हणण्याआधी

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कंपनीचे संस्थापक आदरणीय ढुंढिराजकाका, व्यासपीठावर विराजमान असलेले कार्यकारी संचालक श्री. विश्वेश, मुंबईहून मुद्दाम आलेले सन्माननीय पाहुणे, माझे आजी-माजी सहकारी, आणि कंटाळा आला तरी तो चेहऱ्यावर न दाखवणारी त्यांची कुटुंबीय मंडळी,

शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, मानपत्राचं वाचन झालं. मानपत्र कुणी लिहिलं ते ठाऊक नाही, पण भाषा गोड आहे. माझ्याविषयीच्या कितीतरी गोष्टी मला आजच कळल्या. सर्वांची मी ऋणी आहे.

फक्त एक दुरुस्ती करते. निवृत्त होणाऱ्या बाईला तेवढा हक्क असावा. मानपत्रात म्हटलंय की ‘बोरू’ भाषेचा फाईल-थर कुसुमताईंनी एकहाती उभा केला. एकहाती नाही. माझ्याबरोबर ललित होता. हे नाव सकाळपासून या सभागृहात कुणी घेतलेलं नाही, म्हणून मी घेते. ललित.

कुटुंबीय मंडळींना प्रश्न पडला असेल, हा थर म्हणजे काय? दहीहंडीचे थर सगळ्यांना दिसतात, आमचा कुणाला दिसत नाही. ‘बोरू’ ही आपल्या कंपनीची मराठी आज्ञांची संगणकभाषा. शाळेतल्या बाईंनी, दवाखान्यातल्या सिस्टरांनी स्वतःचे छोटे प्रोग्रॅम स्वतः लिहावेत म्हणून काकांनी ती अंबडच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केली. त्या आज्ञा एकेक ओळ वाचून संगणकाला समजावतो तो दुभाष्या. आणि दुभाष्यानं ‘फाईल उघड, वाच, लिही, बंद कर’ म्हटलं, की ते प्रत्यक्ष करून देतो तो आमचा थर. संगणक तऱ्हेतऱ्हेचे. एक जण ओळ संपल्याची एक खूण मानतो, दुसऱ्याला दोन लागतात. ‘गिऱ्हाईक’ नावाची फाईल एका यंत्रावर सापडायची आणि दुसऱ्यावर नाही, कारण त्यातला अर्धा ‘ऱ’ दोघे वेगळा साठवत होते. हे ललितनं कामाला लागल्या-लागल्या शोधलं. मी तेव्हा हसले होते, म्हटलं, अरे, मराठी माणसाच्या संगणकालाच गिऱ्हाईक सापडत नाही!

तर, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला यंत्रांची ही भांडणं कळूच नयेत, एवढ्यासाठी आमचा थर होता.

आता एक गोष्ट नीट ऐका. प्रोग्रॅमनं ‘लिही’ म्हटलं की यंत्र ‘हो’ म्हणतं, पण मजकूर हाताशी धरून ठेवतं आणि सवडीनं लिहितं. मजकूर साठवायच्या मेमरी कार्डावर जागाच उरली नसेल, तर ते कळतं फाईल बंद करताना. तेही विचारलं तरच. आमचा थर बंद करताना विचारायचा, खरंच लिहिलंस का? उत्तर ‘नाही’ आलं तर काम तिथंच थांबायचं आणि पडद्यावर यायचं, ‘लिहिता आलं नाही’. स्वस्तातल्या यंत्रांवर या विचारण्याला वेळ लागायचा.

मुंबईच्या मोठ्या कंपनीसमोर प्रात्यक्षिक करायचं ठरलं, तेव्हा विश्वेशसरांनी आम्हाला बोलावलं. काकाही होते.

सर म्हणाले, “इतरांच्या भाषा फटक्यात फाईल बंद करतात. आपली ताटकळते.”

ललित म्हणाला, “ताटकळत नाही सर, विचारते. खरंच लिहिलं का म्हणून.”

“आणि उत्तर ‘नाही’ असं किती वेळा येतं?”

“फार क्वचित.”

“मग काढून टाक.”

“सर, क्वचित येतं म्हणूनच विचारायचं. एरवी कुणाच्या लक्षातच येणार नाही.”

मी म्हटलं, ज्याला घाई असेल त्याच्यासाठी वेगळी सोय ठेवू, पण सगळ्यांसाठी काढायला नको. सर म्हणाले, “कुसुमताई, तुमचं मत नोंदवलंय.” कुठं नोंदवलं ते मला अजून सापडलेलं नाही. काका, मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही घड्याळाकडे बघितलंत.

ललितनं आज्ञा पाळली. प्रात्यक्षिक झोकात झालं. पेढे वाटले गेले. पेढे चांगले होते, ते नाकारण्यात अर्थ नाही.

सई, चिठ्ठी पाठवू नकोस ग. सूत्रसंचालन तू छान करते आहेस, पण निरोपाचं भाषण एकदाच मिळतं.

त्याच हिवाळ्यात एका सेवाभावी संस्थेनं हरसूलकडच्या पाड्यांवर मुलांची रक्ततपासणी केली. सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार असतो, आईबापांकडून येणारा. निकाल उतरवून घ्यायला त्यांनी ‘बोरू’मध्ये प्रोग्रॅम केला होता आणि सोबत आपलीच नवी आवृत्ती घेतली होती. लॅपटॉपमधलं मेमरी कार्ड मध्येच भरलं. पडद्यावर मात्र येत राहिलं, ‘लिहिलं’. सिस्टर पुढचं मूल बोलवत राहिल्या.

पालकांना निकालाची कागदी कार्डं द्यायला संस्था बसली, तेव्हा अर्धे निकाल नव्हतेच. नमुने कधीच टाकून दिले होते. पुन्हा तपासणीला माणसं गेली तर पाडे रिकामे. सगळे निफाडकडे द्राक्षांच्या कामावर गेलेले. त्यांत चतुराबाई नावाची एक आई होती आणि तिची मुलगी हर्षाली. निफाडच्या एका बागेतच हर्षालीचे हातपाय ठणकायला लागले. थंडीनं असेल म्हणून शेकलं, तेल लावलं. दवाखान्यात नेलं तेव्हा पोर उभी राहू शकत नव्हती.

आपल्याकडे चौकशी समिती नेमली गेली. समितीनं यंत्राला विचारलं, हा बदल कुणाच्या नावावर आहे? यंत्रानं सांगितलं, ललितच्या. यंत्र खोटं बोललं नाही. ज्याची बोटं चालली त्याचं नाव ते ठेवतं. ज्याचं तोंड चाललं त्याचं ठेवत नाही. मी समितीपुढे जाऊन सांगितलं, आज्ञा कुणी दिली ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. मला उत्तर मिळालं, “मॅडम, आपण व्यक्तींवर नको, प्रक्रियेवर बोलू या.” मग प्रक्रियेवर पुष्कळ बोलणं झालं आणि व्यक्तीचा राजीनामा घेतला गेला.

राजीनामा दिल्यावर ललित मला म्हणाला, “ताई, मी हरसूलला जातोय.”

“तुला आता काय गरज? तू कंपनीचा राहिला नाहीस.”

“आपल्या प्रोग्रॅमनं त्यांना ‘लिहिलं’ असं सांगितलं. लिहिलं नव्हतं, हे सांगायला कुणीतरी जायला नको?”

कंपनीकडून कुणी जाणार नव्हतं. मी रजा टाकली आणि त्याच्याबरोबर गेले. संस्थेच्या डॉक्टरांनी आम्हाला चतुराबाईंच्या घरी नेलं. हर्षाली ओट्यावर बसली होती, पाय सरळ ठेवून. दवाखान्यातून घरी आली होती, पण कंबरेच्या सांध्यात दोष राहिला होता. डॉक्टर प्रामाणिक होते. म्हणाले, वेळेवर कळलं असतं तर गोळ्या सुरू झाल्या असत्या. त्यानं हे टळलंच असतं असं छातीठोक सांगता येत नाही, पण संधी होती.

चतुराबाईंनी आम्हाला पाणी दिलं. मग विचारलं, “पयलं रगत घेतलं, ते कुठं गेलं?”

ललितनं सांगितलं. आडवळणं न घेता, सोप्या शब्दांत. संगणकात जागा नव्हती, निकाल उतरलाच नाही, तरी त्यानं उतरला म्हणून सांगितलं.

बाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “मंग तवाच सांगायचं ना. आमी तितंच बसलो व्हतो. पुन्यांदा दिलं असतं.”

जे बैठकीत आम्ही इतक्या शब्दांत पटवून देऊ शकलो नाही, त्याचा अर्थ त्या ओट्यावर कळला.

ललित आता निफाडला एका शीतगृहात संगणक बघतो. नाशिकमध्ये तीन-चार ठिकाणी मुलाखतीला गेला होता. सगळीकडे त्याच्या आधी त्याची कीर्ती पोचलेली. आपलं गाव मोठं झालं म्हणतात. बदनामीला मात्र अजून ते लहानच पडतं.

आणि आपल्याकडे? नव्या आवृत्तीत फाईल बंद करतानाची ती विचारणा परत आली आहे. बाहेरच्या फलकावर आपण सगळ्यांनी वाचलंच असेल, ‘खात्रीशीर लेखन: आमची नवी सुविधा’. शेजारी विश्वेशसरांचा फोटो आहे. फोटो छान आलाय.

मघाशी काकांनी प्रेमानं जाहीर केलं की मी सल्लागार म्हणून राहावं. काका, शेडच्या काळात आपण एका डब्यात जेवलो आहोत, त्या नात्यानं सांगते, मला ते जमणार नाही. सल्ला मी दिला होता, फुकट दिला होता. आणि आत येताना मला कानात सांगण्यात आलं की दरवर्षी एका होतकरू तरुणाला माझ्या नावानं पुरस्कार देणार आहात. तोही देऊ नका. होतकरू तरुण आपल्याकडे होता.

आजच्या कार्यक्रमाला मी ललितला बोलावलं होतं. तो म्हणाला, “ताई, तुमच्यासाठी आलो असतो. पण तिथं बसलो तर टाळ्या वाजवाव्या लागतील.” मी पुन्हा आग्रह केला नाही. उद्या मीच निफाडला जाणार आहे. तिथून पुढं हरसूलला जायचं ठरलंय. हर्षालीला दवाखान्याच्या तारखेला नाशिकला आणणं-नेणं आता आम्ही दोघांनी वाटून घेतलंय. मला आता वेळच वेळ आहे.

समारंभ नेटका मांडणाऱ्या सर्व मंडळींची, हार गुंफणाऱ्या हातांची, स्वयंपाकघरात जेवण गरम ठेवून माझं संपायची वाट बघणाऱ्यांची मी मनापासून आभारी आहे. काका, मला त्या शेडमध्ये पहिली खुर्ची तुम्ही दिलीत, ते मी विसरले नाही आणि विसरणार नाही.

बोलण्याच्या ओघात कुणाचं मन दुखावलं असेल, मानमर्यादा कुठं ओलांडली गेली असेल, तर हात जोडून क्षमा मागते. मात्र एक विनंती आहे. यात काही चुकलं असेल, तर ते माझ्याच नावावर राहू द्या. उद्या त्यासाठी दुसऱ्या कुणाचा राजीनामा मागू नका.

नमस्कार.