रानातली वाट

सायकलच्या दुकानात पंक्चर काढून घ्यायला आलेली शिक्षिका बाकावर बसली होती. एक वयस्कर गृहस्थ चिखलाने माखलेली सायकल ढकलत आत आले, तेव्हा तिला वाटलं, धुऊन घ्यायला आणली असेल.

"ही माझ्या मुलाची. तुम्ही मित्र ना त्याचे?"

कारागिराने हातातलं चाक खाली ठेवलं. "हो, काका. तो गेल्याचं कळलं. घरी यायचा धीर झाला नाही."

"असू दे. चाकांना ही माती कुठली, एवढंच सांगा. मला तर म्हणायचा, रस्त्यावरच चालवतो."

"तुमच्याच रानातली. डोंगरावर चालवायच्या सायकलींसाठी आम्ही तिथे वाट खणत होतो. दोन वर्षं, दर रविवारी, टेकडीवरून थेट ओढ्यापर्यंत. एकही झाड तोडलं नाही, काका."

"मला विचारलं का नाही?"

"तुम्ही नाही म्हणाल, अशी धास्ती होती त्याला. पुरी झाली की आधी बाबांनाच दाखवू, म्हणायचा."

"वळणांवर मातीचे ढीग होते, तीच का?"

"तीच. तुम्ही पाहिलीत?"

"मला वाटलं, रानडुकरांनी उकरलंय. तो दवाखान्यात होता तेव्हा रोज सकाळी फावडं घेऊन जायचो. सगळी बुजवली मी."

शिक्षिकेने मान वर केली नाही.

"त्याला कळलं होतं?" कारागिराने विचारलं.

"मीच सांगितलं. उशाशी बसून घरचं काहीबाही सांगायचो, तेवढाच त्याला विरंगुळा."

"मग काय म्हणाला?"

"बरं केलंत, बाबा, म्हणाला. दमला असाल, म्हणाला."