सरदारापुढचा पदर

मी खर्ड्याचा. आमचे वडील बैलगाड्या रंगवायचे, त्यामुळं रंगाचा वास लहानपनापासून नाकात. सातवी झाली अन् मला जामखेडला बापू मास्तरांच्या हाताखाली टाकलं, दुकानाचे बोर्ड लिहायला. तिथंच ह्यो नाम्या भेटला. शिंप्याचा पोरगा, माझ्याच वयाचा, अन् काय सांगू तुमाला, पयल्या दिवसापासून डोळ्यात खुपला. मी सरळ रेघ मारायचो, मास्तर नुसती मान हलवायचे. नाम्या वाकडी मारायचा, तरी त्याच्याकडं बघून हसायचे.

बहात्तरच्या दुष्काळात बोर्डांचं काम बसलं. तवा आमच्या खर्ड्यातल्याच एका सरदार घरान्याचं बोलावनं आलं. त्यांचा मूळपुरुष खर्ड्याच्या लढाईत लढलेला, त्याचं तैलचित्र घरात, दसऱ्याला तलवारीसंगं त्याचीबी पूजा. भाऊ येगळे निघाले, चित्र थोरल्याकडं ऱ्हायलं, धाकट्याला तसंच दुसरं पायजे हुतं. मास्तरांचा हात कापायला लागलेला. ते म्हनले, तुमी दोघं काढा, ज्याचं घेतील त्याला मी मानसांचे चेहरे शिकवीन, दुसऱ्यानं बोर्ड लिहावं.

बसलो दोघं सरदारापुढं. मी माप चुकू नये म्हनून दोऱ्यानं चौकोन आखले, अळशीच्या तेलात रंग कालवून कंठ्याचा एकेक मोती काढला, मिशीचा केस न् केस काढला, तलवारीच्या मुठीवरची नक्षी काढली. नाम्या नुसता बघत बसायचा. आरं रंग लाव की, म्हनलं, तर म्हनतो, थांब रं, ह्यो मानूस कुनावर तरी चिडलाय, कुनावर ते बघतोय. असली थेरं. त्याची तलवार बघितली असती तर तुमीबी हसला असता, विळा हुता विळा.

रंग वाळले, दोन्ही चित्रं भिंतीला टेकवली. घरातली मानसं माझ्या मोत्यांना हात लावून बघत्यात, मी आतनं फुललेलो. तेवढ्यात थोरली सूनबाई चहा घेऊन आली. माझ्या चित्रापुढनं सरळ गेली. नाम्याच्या चित्रापुढं आली अन् एका हातात ताट धरून दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर फुडं वढला, सासऱ्यापुढं वढावा तसा. तिचं तिला कळलंबी न्हाई. पन मास्तरांनी बघितलं, घरच्यांनी बघितलं, मीबी बघितलं. झालं.

नाम्या चेहरेवाला झाला, पार नगरपर्यंत त्याचं नाव, अन् मी बोर्ड लिहीत बसलो. लई जळलो. खोटं कशाला बोलू, आजबी जळतो. मास्तरांनी शिकवलं न्हाई तर नाम्याचीच चित्रं बघून बघून शिकलो, चेहरे काढले, लोकांनी घरात लावले. पन चित्र पोचवलं की मी आधी सुनांच्या पदराकडं बघायचो. लोकांना वाटायचं पेंटरची नजर चांगली न्हाई.

गेल्या साली नाम्या गेला. त्याचा पोरगा घरी आला, म्हनला, काका, आबांचा चेहरा तुमीच काढा, आबा सांगून गेल्यात, माझा चेहरा त्यालाच जमंल. मला कधी तोंडावर बोलला न्हाई बेटा. मी फोटू फुडं ठेवला अन् चौकोन आखलेच न्हाईत, नुसता बघत बसलो. नाम्या हसत हुता. कुनावर, ते मला शोधायची गरज न्हवती.

चित्र लावलं. नाम्याची सून आतनं हात पुसत आली, वर बघितलं अन् झटदिशी खांद्यावरचा पदर डोक्यावर घेतला. जन्मभर वाट बघितली ती ह्याचीच. अन् बघा, मान परत नाम्यालाच गेला, पदर सासऱ्यापुढं घेतला तिनं, माझ्यापुढं न्हाई.

जाऊ द्या. सुखात ऱ्हावीत त्याची पोरंबाळं. सही मात्र मी खाली मोठ्या अक्षरात ठोकलीया, बोर्डावर लिहितो तेवढ्या.